बेबी बिर्जेनं देवीचा कौल कोर्टात नेला

पिरनवाडीच्या शेवटच्या बसथांब्यापासून थोडं आत, नवी घरं संपून जिथं अजून चार शेतं तग धरून आहेत, तिथं बेबी बिर्जेचा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं ते बोर्डावर तसं लिहिलंय म्हणून. एरवी ती पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला बी वाफवायचं भांडं, दुसऱ्या टोकाला गर वाळवायची भट्टी आणि मधे ओळीनं बसून बी फोडणाऱ्या बायका. टरफलाचं तेल बोटांना लागलं की कातडं काळं पडतं आणि साबणानं निघत नाही. बेबीचीही बोटं तशीच काळी आहेत. मालकीण झाली तरी फोडायचं तिनं सोडलं नाही.

बाई तशी सरळ. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर, पण वजनात कधी हात मारला नाही की कामावरच्या बाईला कधी टाकून बोलली नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकिकत ऐकून तिच्याबद्दल तसा समज होणं कठीण आहे.

धंदा उभा केला तो तिच्या नवऱ्यानं, गोपाळनं, आणि त्याचा शाळासोबती नागेंद्र हलगेकर यानं. दोघं मूळचे गुंजीकडचे आणि भावकू गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. बेबीही त्याच शाळेतली, दोन वर्गांनी मागं. जागा मात्र गोपाळची होती, त्याच्या वडिलांनी पिरनवाडीत घेऊन ठेवलेली. उताऱ्यावर नाव त्याचंच. भागीदारीच्या कागदात वकिलानं भांडी लिहिली, भट्टी लिहिली, माल लिहिला, जागेचं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणण्यापेक्षा कुणाला लिहावंसं वाटलं नाही. शेडचे खांब उभे राहिले त्या दिवशी तिघं विटांच्या ढिगावर बसून चहा प्याले होते. तेव्हा गोपाळ म्हणाला, "नागू, जागा आता दोघांची. मी असलो नसलो तरी तुला हितनं कोण हलवणार न्हाय." ती चहाची किटली बेबीनंच घरून आणली होती. तिनं ते वाक्य आपल्या कानांनी ऐकलं होतं.

त्याच कागदात शेवटी एक कलम होतं. वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवाद नेमायचा आणि त्याचा निवाडा दोघांनी पाळायचा. लवाद कोण, असं वकिलानं विचारल्यावर दोघांच्या तोंडून एकच नाव निघालं. भावकू गुरुजी तोवर निवृत्त होऊन गावी राहत होते. बांधाचं भांडण असो की भावाभावांचं, माणसं त्यांच्या अंगणात येऊन बसायची आणि ते म्हणतील ते ऐकून उठायची. कलम लिहिताना तिघंही हसले होते, कारण ते कधी लागेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

गोपाळ अचानक गेला. नागेंद्रनं कारखाना एक दिवसही बंद पडू दिला नाही, आणि गोपाळचा भागीदारीतला वाटा बेबीच्या नावावर स्वतः कागद करून लावून दिला. पुढं त्यानं बी कापायचं मशीन आणायचं काढलं. मशीन आलं तर निम्म्या बायका घरी बसणार हे बेबीला दिसत होतं. ती म्हणाली, नको. तो म्हणाला, मशीन नसेल तर धंदाच बसेल, मग सगळ्याच बायका घरी जातील. दोघांचंही खरं होतं. बोलाचाली वाढली आणि रागाच्या भरात बेबी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "माझ्या जागेत मशीन येणार न्हाय."

'माझ्या' हा शब्द तोंडून निघाला आणि तिचा तिलाच खटकला. तेव्हाच हसून मागं घेता आला असता. पण बायका बघत होत्या. नंतर घरी नातेवाइकांनी तो शब्द उचलून धरला. उतारा तुझ्या नवऱ्याच्या नावावर, तू विधवा बाई, पोरीचं शिक्षण व्हायचंय, मग जागा सोडतेस कशाला, असं जो तो सांगू लागला. चार दिवस ऐकल्यावर तिलाही ते पटल्यासारखं झालं. माणूस खोटं बोलायला बसत नाही. आधी एक शब्द चुकून जातो आणि मग त्याची लाज राखावी लागते.

वाद गुरुजींपुढं गेला. गुरुजींनी सगळं रीतसर केलं. शेडमध्येच टेबल मांडून बैठका घेतल्या, दोघांची म्हणणी लिहून घेतली, कागद पाहिले. शेवटच्या बैठकीला नागेंद्र म्हणाला, "गुर्जी, गोपाळ बोललावता तवा वहिनी तिथंच हुत्या. त्यास्नीच इचारा. त्या म्हंतील ते मला कबूल."

गुरुजींनी चष्म्यावरून बेबीकडं पाहिलं. बेबीनं काळ्या बोटांनी पदराचं टोक धरलं आणि म्हणाली, "मला असलं काय आठवत न्हाय."

गुरुजींची नजर तिच्यावरून हलली नाही. ती नजर बेबीला सोसेना. आपण खरं बोलतोय हे कसं दाखवावं म्हणून तिनं जे सुचलं ते पुढं केलं. आपल्याकडं खरं बोलणारा माणूसच कौल लावा म्हणतो. तेव्हा तीही म्हणाली, गावदेवीला कौल लावू, देवी सांगेल ते मला मान्य. यात तिची एक मेख होती. नागेंद्र देवळाची पायरी चढत नसे, यात्रेच्या दिवशीसुद्धा बाहेरच थांबे. तो कौलाला नाही म्हणणार, आणि जो कौलाला नाही म्हणतो त्याच्याच मनात काळंबेरं आहे हे सगळ्यांना दिसणार, असा तिचा हिशेब होता.

नागेंद्रनं खांदे उडवले आणि म्हणाला, "चालंल."

आता माघार घ्यायची सोय उरली नाही. गुरुजींनी बेबीकडं न बघताच समोरचा कागद पुढं ओढला. मग त्यांनी दोघांकडून संमती लिहून घेतली आणि येत्या मंगळवारी गावी यायला सांगितलं.

मंगळवारी भरमू गुरवानं देवीच्या मूर्तीला पाण्यात बुडवलेल्या फुलांच्या पाकळ्या लावल्या, उजवीकडं आणि डावीकडं. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. जागा एकट्या बेबीची असेल तर उजवी दे, दोघांची असेल तर डावी दे. बेबी डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी होती. देवीकडं बघायचं तिला धाडस होईना. आई, एवढ्या बारीला सांभाळून घे, असं ती मनात म्हणत होती, म्हणजे खरं तर देवीलाच आपल्या खोट्यात ओढत होती. पाकळ्या बराच वेळ तशाच राहिल्या. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. मग डावी पाकळी सुटून खाली आली.

गुरुजींनी निवाडा लिहिला तो जेमतेम अर्ध्या पानाचा. दोन्ही पक्षांच्या संमतीने देवीस कौल लावला, देवीने डावा कौल दिला, सबब जागा भागीदारीची ठरते. खाली सही. ना कुठला पुरावा मांडला, ना कुठलं कारण दिलं.

देवीनं अगदी खरं तेच सांगितलं होतं. बेबीला ते इतर कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं आणि त्यामुळंच तिला ते सहन झालं नाही. देवीनं सगळ्या गावासमोर आपल्याला खोटं पाडलं, असा तिला राग आला. नातेवाइकांनी त्या रागाला वाट दाखवली. निवाड्याला तीन महिन्यांत जिल्हा कोर्टात आव्हान देता येतं म्हणे. एका सकाळी ती टिळकवाडीत शाल्मली वकिलीणबाईंच्या ऑफिसात जाऊन बसली.

शाल्मलीनं तिला समजावून सांगितलं की कोर्ट लवादाच्या डोक्यावर दुसरा लवाद होऊन बसत नाही. पुरावा चुकीचा वाचला, कायदा थोडा चुकला, यावर कोर्ट हात घालत नाही. मात्र निवाडा देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल, म्हणजे न्याय कशाला म्हणायचं याच्या मुळालाच धक्का लावत असेल, तर तो रद्द होतो. हे दार फार अरुंद असतं, बहुतेक जण डोकं आपटून परत येतात, असंही ती म्हणाली. मग तिनं ते अर्धं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वकिलाच्या चेहऱ्यावर सहसा न दिसणारा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसू लागला.

अर्ज इंग्रजीत तयार झाला. सही करण्याआधी बेबीनं तो मराठीत वाचून घ्यायला लावला. त्यात एक परिच्छेद असा होता, की ओली पाकळी आधी कुठली सुटेल हे तिच्या वजनावर आणि गाभाऱ्यातल्या वाऱ्यावर अवलंबून असतं, त्याचा सत्याशी काडीचाही संबंध नाही.

"हे मी म्हंते म्हणून लिवलंय?" बेबीनं विचारलं.

"हो. तुमचाच अर्ज आहे ना."

कौलाची कल्पना कुणाची होती, असं शाल्मलीनं सहज विचारलं. बेबी खाली बघत म्हणाली, बोलता बोलता निघालं. मग तिनं सही केली.

त्या दिवसापासून तिनं गावदेवीची वाट सोडली. यात्रा आली तेव्हा पाय दुखतोय म्हणाली आणि ओटी शेजारच्या अक्काताईकडं पाठवून दिली. अक्काताईनं परत येऊन सांगितलं, भरमू गुरवानं ओटी घेतली, कुणाची म्हणून विचारलं, नाव ऐकून काहीच बोलला नाही, नेहमीसारखं देवीपुढं ठेवली. तो चार शब्द बोलला असता तर बेबीला बरं वाटलं असतं. शेडमध्ये ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं. नागेंद्र रोज यायचा, माल बघायचा, वहिनी म्हणूनच हाक मारायचा. मशीनचं नाव त्यानं परत काढलं नाही.

सुनावणीच्या दिवशी बेळगावच्या कोर्टात बेबी बाकावर बसली, आणि सहज मागं वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर भावकू गुरुजी. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर छत्री. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि बोलावण्याचं कारणही नव्हतं. आपल्या निवाड्याचं काय होतंय ते ऐकायला ते गुंजीहून आले होते. बेबीनं मान पुढं वळवली ती परत मागं नेली नाही.

शाल्मली चांगली बोलली. फार चांगली बोलली. उद्या कुणी लवाद नाणं उडवून निवाडा देईल, परवा पोपटाकडून चिठ्ठी काढून देईल, आणि कोर्टानं त्यावर शिक्का मारायचा का, असं तिनं विचारलं, तेव्हा कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला नाही.

मग नागेंद्रचे वकील उठले. ते म्हणाले, की पक्षकारांनी सांगितलं तर लवाद आपल्या न्यायबुद्धीनं निवाडा देऊ शकतो, कारणं लिहायची गरज नाही असंही पक्षकार ठरवू शकतात, आणि इथं संमतीचा सह्यांचा कागद आहे. शिवाय कौल लावा म्हणणारी बाई हीच. शाल्मलीनं वळून बेबीकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हिशेब चुकल्याचं कळल्यावर माणूस बघतो तसं ती बघत होती.

न्यायाधीश धारवाडकडचे होते. कौल म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडंही देव फुलाचा प्रसाद देतो, माझी आई अजून विचारते, असं ते म्हणाले. मग त्यांनी कन्नडमध्ये थेट बेबीलाच विचारलं, देवीला विचारा असं कोण म्हणालं होतं.

बेबी उठून उभी राहिली. "मी," ती म्हणाली. एवढा एकच शब्द, पण तो सगळ्या कोर्टात ऐकू गेला.

निकाल काही दिवसांनी लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की देवावरच्या श्रद्धेबद्दल कोर्टाला काही म्हणायचं नाही. न्यायबुद्धीनं ठरवायचा अधिकार पक्षकारांनी लवादाला दिला असं मानलं, तरी ती बुद्धी लवादाची स्वतःची हवी. इथं लवादानं ती वापरलीच नाही. माणसावर सोपवलेलं काम माणसानं केलं नाही, तर पक्षकारांच्या संमतीनंसुद्धा त्याला निवाडा म्हणता येत नाही. म्हणून निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवून रद्द.

बेबी जिंकली. शाल्मलीनं तिचं अभिनंदन केलं, पण नेहमीच्या मानानं जरा आखडतंच. बाहेर व्हरांड्यात नागेंद्र भेटला. ती खाली मान घालून पुढं निघाली होती, त्यानंच हाक मारली.

"वहिनी, कोर्टानं बरोबर केलं," तो म्हणाला. "फूल पडलं म्हणून मी जिंकलो हे मलाबी कुठं सांगू वाटत नव्हतं. तुमी तोंडानं म्हनला असता तर लई बरं वाटलं असतं."

एवढं बोलून तो निघून गेला.

पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली. नावं नव्हती, पण तालुक्यात नावं कुणाला हवी होती. फुलं लावून निवाडा देणारे गुरुजी म्हणून माणसं चहाच्या टपरीवर हसली. ज्यांच्या अंगणात भांडणं मिटायची त्या अंगणात आता कुणी बसायला जाईना. अक्काताईनं ही खबर आणली त्या रात्री बेबीला जेवण गेलं नाही. देवी तिला शिक्षा करील या भीतीनं ती इतके दिवस धास्तावली होती. देवीनं काहीच केलं नाही. शिक्षा झाली ती गुरुजींना, आणि ती बेबीनं स्वतःच्या सहीनं दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गुंजीला उतरली.

गुरुजी ओसरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. ये म्हणाले, घरात पाणी आणायला सांगितलं, पोरगी ऋतिका कितवीला आहे ते विचारलं. बेबीला वाटलं, यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी तसंच ठेवून ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, की गोपाळ ते वाक्य बोलला होता, जागा दोघांची असंच म्हणाला होता, आपण ऐकलं होतं आणि आठवत नाही असं खोटं सांगितलं. कौलाचं सुचवलं तेही नागूनं नाही म्हणावं म्हणून. शेवटी म्हणाली, "गुर्जी, तुमचा निवाडा बरोबर हुता. मी चारचौघांत तसं सांगते. पेपरवाल्यांस्नीबी सांगते."

गुरुजींनी हातातली शेंग सुपात ठेवली.

"बरोबर हुता म्हणू नकोस," ते म्हणाले. "तो मी दिलाच न्हवता."

तिला कळलं नाही. गुरुजी रस्त्याकडं बघत बोलू लागले. ते म्हणाले, आठवत नाही असं तू म्हणालीस त्याच क्षणी मला कळलं होतं की तू खोटं बोलतेस. पाटी फुटल्यावर तू लहानपणी अशीच पदराऐवजी परकराचं टोक धरायचीस. पण नवरा नुकता गेलेली बाई, माझी विद्यार्थिनी, तिला तोंडावर खोटारडी कसं म्हणायचं, याचा मला संकोच वाटला. तू कौलाचं काढलंस आणि मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, देवी बोलेल, मला बोलायला नको. मंगळवारी तू हात जोडून उभी होतीस तेव्हा मीही हात जोडून हेच मागत होतो.

"पर देवीनं खरं सांगिटलं की गुर्जी."

"उजवी पडली असती तर?" गुरुजी तिच्याकडं वळले. त्यांचे डोळे भरले होते. "तर मी उजवी लिवली असती, बेबी. खरं म्हाईत असून नागूला बाहेर काढलं असतं, आनि देवीची सही म्हनून खाली माझी सही केली असती. त्या जज्जानं मला अगदी बरोबर वळखलं. कोर्टात सगळे हसले त्याचं मला काय न्हाय. ते वाक्य वाचून दाखवलं कुणीतरी, माणसानं आपलं काम केलं न्हाय म्हनून, तवापासनं माझा जेवणाला हात जात न्हाय."

बेबी माफी मागायला आली होती, आणि इथं म्हातारा माणूस तिच्याहून जास्त शरमेनं तिच्यासमोर बसला होता. दोघांनी मिळून एका खोट्यापायी देवीला पुढं केलं होतं.

गुरुजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. मग शाळेत बसायचे तसे ते ताठ बसले.

"तवा बोलायला पायजे हुतं ते आता बोलतो," ते म्हणाले. "बेबी, तू खोटं बोलायलीस."

"व्हय, गुर्जी," बेबी म्हणाली.

मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि गुरुजींसमोरच नागेंद्रला लावला.